विश्लेषण : आकाशातला दगड सातारा-सांगलीत पडला, तर तो ओळखणार कोण?

आकाशातून पडलेल्या दगडांची, म्हणजे अशनींची, जगभराची एक अधिकृत यादी आहे. दगड जिथे पडला किंवा सापडला तिथल्या गावाचे नाव त्याला मिळते आणि ते नाव यादीत कायम राहते. या यादीत ‘कळंबी’ आहे. सातारा जिल्ह्यात, वाई परिसरात १८७९ साली पडलेल्या अशनीचे हे नाव. ग्रह, चंद्र आणि धूमकेतूंचा अभ्यास म्हणजे श्रीहरिकोटा, ह्यूस्टन नाही तर टोकियोचे काम. आपण फक्त मोबाइलवर थेट प्रक्षेपण पाहायचे, ही समजूत कळंबीचा दगड खोटी ठरवतो. सूर्यमालेचा काही पुरावा आपल्या दारात येऊन पडतो. तो उचलायची तयारी मात्र आपण आजवर केलेली नाही.

असे दगड पडतात तरी किती?

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार पृथ्वीवर दरवर्षी ५० ग्रॅमपेक्षा मोठे सुमारे १७ हजार अशनी पडतात. त्यातले बहुतेक समुद्रात जातात, कारण पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाणीच आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर. पृथ्वीच्या एकूण पृष्ठभागाशी याचे प्रमाण काढले, तर सरासरीने दीड-दोन वर्षांत एक अशनी या दोन जिल्ह्यांच्या हद्दीत पडत असणार. ही सरासरी आहे, वेळापत्रक नव्हे. तरीही हिशेब सरळ आहे. कळंबीनंतरच्या जवळपास दीडशे वर्षांत इथे कित्येक डझन दगड पडले असतील. नोंद मात्र बोटांवर मोजण्याइतकीच. बाकीचे ओढ्यात गेले, उसाच्या सरीत गाडले गेले, बांधाच्या ताली रचताना वापरले गेले.

उल्का, अशनी, लघुग्रह, धूमकेतू : फरक काय?

‘तारा तुटला’ असे आपण म्हणतो तेव्हा तारा तुटलेला नसतो. वाळूच्या कणाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा खडा सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो आणि तापून जळतो. प्रकाशाची ती रेघ म्हणजे उल्का. खडा मोठा असेल, तर सगळा जळत नाही. उरलेला तुकडा जमिनीवर पोहोचतो. तो अशनी.

हे खडे येतात कुठून? बरेचसे मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या लघुग्रहांपासून. ग्रह घडत असताना जे साहित्य ग्रहात सामावले नाही, ते तिथे उरले. धूमकेतू सूर्यापासून आणखी दूरचे. बर्फ आणि धूळ यांचे ते गोळे सूर्याजवळ आले की बर्फाची वाफ होते, धूळ उडते आणि शेपूट फुटते. म्हणूनच जुन्या मराठीत त्यांना शेंडेनक्षत्र म्हणत. लघुग्रह आणि धूमकेतू यांचे महत्त्व एकाच कारणासाठी आहे. पृथ्वीवरचे खडक वितळले, झिजले, पुन्हा घडले. सूर्यमालेच्या जन्माच्या वेळचा खडक पृथ्वीवर उरलेला नाही. लघुग्रह आणि धूमकेतूंनी मात्र ४५६ कोटी वर्षांपूर्वीचा माल बराचसा तसाच जपून ठेवला आहे.

कळंबीचा दगड कोणत्या घरातला?

कळंबीची नोंद ‘एच-५’ या गटात आहे. यातला ‘एच’ लोहाचे प्रमाण जास्त असल्याचे सांगतो आणि ५ हा आकडा तो मूळ खगोलाच्या पोटात किती तापला होता ते सांगतो. असे दगड सामान्य कॉन्ड्राइट या मोठ्या कुटुंबात मोडतात. पडताना दिसलेल्या अशनींपैकी सुमारे ८० टक्के याच कुटुंबातले असतात.

पण हे कुटुंब आकाशात नेमके राहते कुठे, हा प्रश्न अनेक दशके सुटत नव्हता. दुर्बिणीतून लघुग्रह ठिपक्यासारखाच दिसतो. त्याच्या प्रकाशाचा वर्णपट काढून खनिजांचा अंदाज बांधतात. अडचण अशी होती, की ज्या दगडी लघुग्रहांवर संशय होता त्यांचा रंग प्रयोगशाळेतल्या अशनींपेक्षा जास्त लालसर दिसे. काहींचे म्हणणे होते, की अवकाशातले सूर्यवारे आणि सूक्ष्म कणांचा मारा यांनी पृष्ठभागाचा रंग बदलतो. हे सिद्ध करायचे तर तिथली चिमूटभर माती हवी.

ती जपानच्या हायाबुसा यानाने आणली. इतोकावा नावाच्या लहानशा लघुग्रहावर उतरून हे यान जून २०१० मध्ये परतले. सोबत डोळ्यांना जेमतेम दिसतील असे कण होते. २०११ मध्ये निष्कर्ष आला : इतोकावाची माती सामान्य कॉन्ड्राइटशी जुळते आणि कणांच्या पृष्ठभागावर रंग बदलवणारा अतिशय पातळ थरही आहे. दुर्बीण, यान आणि हातातला दगड, तिघांची साक्ष एक झाली. २०२४ मध्ये त्यापुढचे पाऊल पडले. ‘एच’ गटातील बहुतेक अशनी कारिन आणि कोरोनिस या लघुग्रह-कुटुंबांतल्या टकरींतून आलेले आहेत, असे संशोधकांनी दाखवले. कळंबीच्या गटाला अशा रीतीने अवकाशातला पत्ता मिळाला.

पाण्याचा प्रश्न दगडात कसा?

पृथ्वीवर पाणी आले कुठून, याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ पाण्यातल्या जड हायड्रोजनचे प्रमाण पाहतात. ते पाण्याची खूण असते. युरोपचे रोझेटा यान २०१४ मध्ये ६७पी या धूमकेतूजवळ पोहोचले. तिथल्या वाफेत जड हायड्रोजनचे प्रमाण आपल्या समुद्राच्या तिप्पट भरले. म्हणजे पाणी धूमकेतूंनी आणले असावे या कल्पनेला धक्का बसला. २०२४ मधील फेरतपासणीत मात्र यानाभोवतीच्या धुळीमुळे हा आकडा फुगला असावा असे पुढे आले. वाद मिटलेला नाही.

या वादात एक साक्ष इंग्लंडमधल्या एका घराच्या अंगणातून आली. २८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री विंचकम या गावावर अग्निगोल दिसला. सकाळी एका कुटुंबाला दारासमोर काळ्या भुकटीचा ढीग आढळला. त्यांनी तो झाडून टाकला नाही. पिशव्यांत भरला आणि शास्त्रज्ञांना कळवले. पडल्यापासून सुमारे बारा तासांत गोळा झालेला हा अशनी दुर्मीळ कार्बनयुक्त प्रकारचा निघाला. त्याच्या खनिजांत बांधलेले पाणी होते आणि त्यातील जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीवरच्या पाण्याशी जुळत होते. एक-दोन पाऊस झाले असते, तर ही साक्ष पुसली गेली असती. यान दहा वर्षे प्रवास करून जे मोजते, त्याच प्रश्नाचा एक धागा एका कुटुंबाच्या शहाणपणामुळे हाती लागला.

यान नमुने आणते, मग पडलेला दगड कशाला?

कारण यान फार थोडे आणते आणि फार थोड्या ठिकाणांहून आणते. जपानच्या हायाबुसा-२ ने डिसेंबर २०२० मध्ये रयुगू लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम माती आणली. अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये बेनूवरून १२१.६ ग्रॅम आणली. या दुसऱ्या मोहिमेला सात वर्षे आणि १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च लागला. बेनूच्या मातीत सजीवांच्या प्रथिनांत आढळणाऱ्या २० पैकी १४ अमिनो आम्ले मिळाली. नमुना निर्मळ होता, म्हणूनच हे छातीठोकपणे सांगता आले. यानाची खरी किंमत इथे आहे. पण सूर्यमालेत लाखो लघुग्रह आहेत आणि प्रत्येकाकडे यान जाणार नाही. बाकीच्यांची ओळख पडलेल्या दगडांतूनच होणार.

महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात अशनींचे तुकडे पडले. त्यातल्या एका तुकड्याचा अभ्यास आयआयटी खरगपूरच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी केला आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दगडात ब्रिजमनाइट हे खनिज मिळाले. पृथ्वीच्या पोटात, ६६० किलोमीटरच्या खाली, सर्वाधिक प्रमाणात असलेले हे खनिज. तिथपर्यंत कोणतेही छिद्र पोहोचत नाही. पण अवकाशातल्या टकरीत क्षणभर तितकाच दाब निर्माण झाला आणि काटोलच्या दगडात ते खनिज घडून गोठले. विदर्भाच्या शिवारात पडलेल्या खड्याने पृथ्वीच्या पोटातली गोष्ट सांगितली. तो तुकडा कोणी उचललाच नसता, तर ती कळली नसती.

सातारा-सांगलीची जमीन यात कुठे बसते?

इथल्या घराघरातला पाटा-वरवंटा, जाते, मंदिराची पायरी, गडाचा तट सगळे एकाच काळ्या पाषाणाचे. भूविज्ञानात त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि सह्याद्री घडला. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले, तेव्हा या लाव्हाची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर भरली. त्याखाली ग्रॅनाइट लागला. या कामासाठी केंद्र सरकारने कराडला प्रयोगशाळा उभारली आहे. म्हणजे पोटातला खडक वाचणारी एक संस्था सातारा जिल्ह्यात आधीच आहे.

चंद्रावरचे काळे डाग, ज्यांत आपल्याला ससा किंवा हरीण दिसते, तेही बेसाल्टच आहेत. अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये तिथून आणलेले दगड आपल्या पाषाणाचे दूरचे भाऊबंद ठरले; वयाने मात्र तीनशे कोटी वर्षांहून जुने. चंद्राचा पांढरा भाग वेगळ्या खडकाचा. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले आणि प्रज्ञान या बग्गीने सुमारे शंभर मीटर फिरून २३ ठिकाणी मातीची तपासणी केली. ती माती अशा पांढऱ्या खडकाशी जुळली, जो चंद्राच्या जन्मानंतरच्या लाव्हाच्या महासागरावर सायीसारखा तरंगून वर आला असावा.

मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचा. म्हणूनच दख्खनच्या याच पाषाणात, बुलढाणा जिल्ह्यात, अशनीपाताने खोदलेले लोणार सरोवर जगाच्या अभ्यासकांना महत्त्वाचे वाटते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आघातानेच झाले, याचे पुरावे १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी एकत्र मांडले. बेसाल्टमध्ये इतके नीट टिकलेले आघाती विवर पृथ्वीवर क्वचितच सापडते. यानाने पाठवलेली मंगळावरच्या विवराची छायाचित्रे वाचताना त्याचा ताळा लोणारशी घालता येतो.

काळ्या दगडांत काळा दगड ओळखायचा कसा?

इथेच आपल्या दोन जिल्ह्यांची खास अडचण आहे. इंटरनेटवर सर्रास सांगितली जाणारी खूण म्हणजे ‘चुंबक लावून पाहा’. ती इथे फसते. आपल्या बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असते, त्यामुळे साधा शेतातला दगडही चुंबकाला थोडाफार ओढतो. दुसरे म्हणजे चुंबकाने खऱ्या अशनीचे नुकसान होते. सूर्यमालेच्या बालपणातल्या चुंबकीय क्षेत्राची नोंद त्यात जपलेली असू शकते. दुकानातले चुंबक ती एका क्षणात पुसून टाकते.

मग पाहायचे काय? नुकत्याच पडलेल्या अशनीवर साधारण मिलिमीटरभर जाडीची काळी साय असते, बाहेरचा भाग जळाल्यामुळे झालेली. कोपरा तुटला असेल, तर आत बहुधा फिकट राखाडी रंग दिसतो. आपला पाषाण आतबाहेर सारखाच काळपट. सामान्य अशनीत धातूचे चकाकणारे बारीक कण असतात. पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगे असू शकतात. आकाराच्या मानाने तो जड लागतो. आणि सर्वांत सोपी खूण : त्यात बुडबुड्यांची छिद्रे जवळपास नसतातच. आपल्या पाषाणात छिद्रे असतात आणि कित्येकदा त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. फाउंड्रीबाहेर टाकलेल्या स्लॅगमध्येही छिद्रेच छिद्रे असतात. कुपवाड किंवा कराडच्या औद्योगिक वसाहतीजवळ सापडलेला जड, काळा, सच्छिद्र गोळा आकाशातून आला असण्यापेक्षा भट्टीतून आला असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

सापडला, तर काय करावे आणि काय करू नये?

दगड जिथे आहे तिथेच त्याचे छायाचित्र काढावे, शेजारी पेन किंवा नाणे ठेवून. मोबाइलमधून त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत. उघड्या हाताने उचलू नये. स्वच्छ पिशवी उलटी करून तिच्यातूनच धरावा. धुऊ नये, फोडू नये, घासू नये. पडलेला दगड लालबुंद तापलेला असतो, ही समजूत चुकीची आहे. शेवटचे काही किलोमीटर तो थंड हवेतून साध्या दगडासारखा पडतो आणि हाताला बहुधा गार किंवा कोमट लागतो. तो किरणोत्सारी नसतो, रोगही पसरवत नाही.

आकाशातून आलेल्या वस्तूला हळद-कुंकू वाहणे, तेल लावणे ही आपली जुनी रीत. त्यामागचा आदर समजण्यासारखा आहे. पण तेल दगडाच्या बारीक भेगांत मुरते आणि कार्बनी पदार्थांचा शोध तिथेच संपतो. बेनूच्या मातीतली अमिनो आम्ले विश्वासार्ह ठरली, कारण तिला कोणाचा हात लागला नव्हता. या दगडाचा मान राखायचा, तर त्याला हात न लावणे हीच पूजा.

आणि विकू नये. अशनींना परदेशातल्या संग्राहकांच्या बाजारात भाव मिळतो, हे आता खेड्यापर्यंत पोहोचले आहे. पण कुठे पडला, कसा पडला याची नोंद नसलेला दगड विज्ञानाच्या दृष्टीने अनाथ होतो. आपल्याकडे अशनींचा राष्ट्रीय संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. या संस्थेची कार्यालये पुणे आणि नागपूर येथे आहेत. गावातून तहसील कार्यालयामार्फत तिथे कळवणे हाच सरळ मार्ग.

आकाशातून पडणारे सगळे अशनीच का?

नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भापासून गुजरातपर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारी रांग पाहिली. ‘उल्कावर्षाव’ म्हणून चित्रफिती काही मिनिटांत फिरल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, आसपास गोलाकार टाक्याही सापडल्या. तज्ज्ञांच्या मते ते एका चिनी रॉकेटचे अवशेष होते.

दोन्हींतला फरक घड्याळावर कळतो. अवकाशातून आलेला खडा इतका वेगवान असतो, की त्याची रेघ काही सेकंदांत संपते. पृथ्वीभोवती फिरणारा रॉकेटचा सांगाडा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने तिरका उतरतो. तो मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ तुकडे सांडत जाताना दिसतो. अशा अवशेषांना हात लावणे धोक्याचे, कारण टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. तेव्हा पोलीस पाटलांना आणि पोलिसांना कळवावे.

दोन जिल्हे, दोन कॅमेरे : एवढ्याने काय होईल?

अग्निगोल पाहणारा प्रत्येक जण शपथेवर सांगतो, ‘आमच्या डोंगरामागेच पडला.’ प्रत्यक्षात तो शंभर-दोनशे किलोमीटर लांब असू शकतो. एका जागेवरून फक्त दिशा कळते, अंतर नाही. हात लांब करून अंगठा धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकलेला दिसतो. दोन डोळ्यांतले अंतर ठाऊक असेल, तर त्या सरकण्यावरून अंगठ्याचे अंतर काढता येते. अग्निगोलासाठी हे दोन डोळे शंभर किलोमीटरच्या आसपास अंतरावर हवेत, कारण तो सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर पेटतो आणि २०-३० किलोमीटरवर विझतो.

सातारा आणि सांगली ही शहरे सरळ रेषेत एकमेकांपासून सुमारे ११० किलोमीटरवर आहेत. निसर्गाने जणू मोजूनच ठेवलेले अंतर. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात कॅमेऱ्यांची जाळी साधारण याच हिशेबाने विणलेली आहेत. दोन्ही जिल्ह्यांत एकेक रुंद भिंगाचा कॅमेरा, रात्रभर आकाशाकडे रोखलेला, घड्याळ अचूक जुळवलेले. एवढ्यावर मार्ग काढता येतो, वाऱ्याचा हिशेब घालून पडण्याची जागा काही चौरस किलोमीटरपर्यंत आवळता येते आणि उलट दिशेने गणित करून तो खडा कोणत्या कक्षेतून आला हेही सांगता येते. आजवर नोंदलेल्या सत्तर हजारांहून अधिक अशनींपैकी कक्षा नीट ठाऊक असलेले शंभराच्या आतच आहेत. त्या यादीत भर घालणे, हे विज्ञानात खरोखर मोजले जाणारे काम आहे. त्यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही.

शोधण्याच्या दृष्टीनेही ही जमीन दोन स्वभावांची आहे. पश्चिमेला पाटण, महाबळेश्वर, शिराळा. पाऊस आणि झाडी इतकी, की धातू असलेला दगड एका पावसाळ्यात गंजतो. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत. दुष्काळी, उघडी माळराने. दुष्काळाने या तालुक्यांना फार थोडे दिले, पण ओळीने चालत जाऊन दगड शोधायला याहून चांगली जमीन नाही.

हे करायचे कोणी?

ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेतील एका दुर्बिणीने सुमारे चार मीटरचा लघुग्रह टिपला आणि वीस तासांच्या आत तो सुदानच्या वाळवंटावर फुटला. आदळण्याआधीच ओळखला गेलेला तो पहिला लघुग्रह. सगळा जळून गेला असेल, असे अनेकांना वाटले. खार्टूम विद्यापीठाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन वाळवंट पायी पालथे घातले आणि पुढच्या काही मोहिमांत सुमारे सहाशे तुकडे गोळा केले. विज्ञानाच्या इतिहासातला हा मान कोणत्या श्रीमंत प्रयोगशाळेला नाही, तर उन्हात चालणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळाला.

सातारा-सांगलीत महाविद्यालयांची वाण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे जाळे आहे. सांगलीत १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेले आहेत. कराडची प्रयोगशाळा आहे आणि पुण्याचे आयुका हाकेच्या अंतरावर. कमी आहे ती या सगळ्यांना जोडणाऱ्या एका साध्या व्यवस्थेची.

ही व्यवस्था तीन गोष्टींची आहे. पहिली, दोन्ही जिल्ह्यांत एकेका महाविद्यालयाच्या गच्चीवर कॅमेरा आणि तो सांभाळणारा विद्यार्थ्यांचा गट. दुसरी, जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमावलीत एक पान : दगड किंवा धातूचा तुकडा पडल्याची खबर आली, तर कोणी, कोणाला, किती तासांत कळवायचे. पुराची, दरडीची अशी पाने आहेत. हे एक वाढवायला निधी लागत नाही. तिसरी, ज्याने दगड आणून दिला त्याचे आणि गावाचे नाव नोंदीत राहील, ही जाहीर हमी. माणूस दगड लपवतो तो लोभापेक्षा संशयाने. ‘दिला तर जाईल आणि आपल्याला कोणी विचारणार नाही’, हा अनुभव त्याला सरकारी दारात अनेकदा आलेला असतो.

एक आक्षेप येईल : टेंभू-ताकारीच्या पाण्याचे, पुराचे, उसाच्या दराचे प्रश्न असताना हे कशाला? आक्षेप गैर नाही. पण इथे मागणी मोठ्या खर्चाची नाही, सवयीची आहे. मोबाइलवर आलेली चित्रफीत पुढे ढकलण्याआधी ‘किती सेकंद दिसले, कोणत्या दिशेला दिसले’ हे विचारणारा विद्यार्थी उद्या धरणाच्या विसर्गाचे आकडेही तपासून पाहील. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाच्या धडकेची शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली, तेव्हा संभाव्य पट्ट्यात मुंबईचे नाव आल्याने घबराट पसरली. आठवडाभरात आणखी निरीक्षणे आली आणि पृथ्वीचा धोका जवळपास शून्यावर आला. आधीचे गणित चुकलेले नव्हते. माहिती कमी होती. निरीक्षण वाढले की उत्तर बदलते, ही विज्ञानाची रीत ज्याला उमगते तो अफवेला बळी पडत नाही.

१८७९ मध्ये वाई परिसरात ना वीज होती, ना दूरध्वनी. तरीही कोणीतरी तो दगड उचलला, कोणीतरी कळवले, कोणीतरी नोंद केली. म्हणून आज कळंबीचे नाव जगाच्या यादीत आहे. पुढचा दगड कधी पडेल हे कोणी सांगू शकत नाही, पण पडेल हे नक्की. तेव्हा प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असेल. कळवायचे कुठे, हे तोवर ठरलेले असले पाहिजे.